सायरन वाजला, पण दारं उघडली नाहीत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यातली २२ मजली इमारत, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी. रात्री सव्वादहाच्या सुमाराला नवव्या मजल्यावर इलेक्ट्रिकच्या डक्टमधून (केबली नेणाऱ्या उभ्या पोकळीतून) धूर यायला लागला. सायरन वाजला, पण पहिली सात-आठ मिनिटं जवळजवळ कुणीच बाहेर आलं नाही. मग जे आले ते सगळे लिफ्टशेजारच्या एकाच जिन्याने, गार्डनकडचा दुसरा जिना रिकामाच. लोक मधल्या चौकांवर घोळक्याने उभे राहिले, काही जण खाली पोचून पुन्हा वर चढले. चौदाव्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, 'मी इथंच बसते, तुम्ही जा.' तर त्यांच्या घरचे चौघं आणि समोरच्या घरचे दोघं त्यांच्यापाशी बसून राहिले. नशिबाने केबल थोडी जळून विझली. आता कमिटीतल्या काहींचं म्हणणं असं की लोक घाबरून सैरभैर होतात, म्हणून सायरन आधी फक्त वॉचमनच्या केबिनमध्ये वाजावा आणि खात्री झाल्यावरच सगळ्यांना कळवावं. हे बरोबर आहे का आणि लोकांना शिस्त कशी लावायची, हा तुमचा प्रश्न.

अग्निशमन दलात माझी २६ वर्षं गेली. निवृत्तीनंतर सोसायट्या, ऑफिसं आणि रुग्णालयांच्या मॉक ड्रिल घेतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही लिहिलेल्या प्रसंगात मला घबराट कुठंच दिसली नाही. घाबरलेली माणसं धावतात, ढकलतात, दुसऱ्याला मागे टाकतात. तुमची माणसं थांबली, एकमेकांना विचारत राहिली, आपलं माणूस शोधायला परत वर गेली, आजीपाशी बसली. कमिटी ज्याला गोंधळ म्हणतेय तो खरं तर उशीर आहे, आणि त्या उशिराचं कारण भीती नाही, नाती आहेत. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी. शिस्तीच्या नोटिसा लावून नात्यांवर उपाय होत नाही.

आधी त्या पहिल्या सात-आठ मिनिटांबद्दल बोलू, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथंच होतो. जिना उतरायला किती वेळ लागेल याचं गणित आर्किटेक्ट करतो. दार उघडायला किती वेळ लागेल याचं कुणीच करत नाही.

१९६८ साली लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खोलीत बसून माणूस फॉर्म भरतोय आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर आत सोडला जातोय. माणूस एकटा असेल तर १०० पैकी ७५ जणांनी उठून कुणाला तरी सांगितलं. शेजारी दोन माणसं मुद्दाम गप्प बसवलेली असतील तर १० पैकी एकानेच. आणि तिघंही खरेखुरे अनोळखी असतील, कुणी कुणाला पढवलेलं नसेल, तरी अशा गटांपैकी फक्त ३८ टक्के गटांत कुणीतरी उठलं. धूर सगळ्यांना दिसत होता. पण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि शेजारी शांत होता, कारण तोही याच्याकडेच बघत होता.

ड्रिलच्या वेळी मी वही घेऊन मधल्या एखाद्या मजल्यावर उभा राहतो. दर वेळी तेच बघतो. सायरन वाजतो. दीड-दोन मिनिटांनी एक दार फटीइतकं उघडतं. गृहस्थ डोकं बाहेर काढून समोरच्या दाराकडे बघतात. समोरचंही दार उघडतं. 'काय झालं हो?' 'काय माहीत, टेस्टिंग असेल.' दोन्ही दारं बंद. दोघांनीही एकमेकांना धीर दिला आणि दोघंही आत गेले. आता त्यात व्हॉट्सॲपची भर पडलीय. ग्रुपवर कुणी विचारतं, सायरन का वाजतोय. कुणीतरी, बहुतेक वेळा त्या वेळी इमारतीत नसलेलाच कुणी, लिहितो, 'फॉल्स अलार्म, मागच्या आठवड्यात पण वाजलेला.' त्यावर पाच अंगठे येतात. त्या पाच अंगठ्यांची मला धुराइतकीच धास्ती वाटते.

याला मूर्खपणा म्हणू नका. नुसती घंटा काहीच सांगत नाही. ती आगीची आहे, टेस्टिंगची आहे की धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर झुरळ बसलंय, हे माणसाने ठरवायचं कसं? तो शेजाऱ्याला विचारून ठरवतो, आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टीही तो असाच ठरवतो. म्हणून आपलं काम त्याला खरी माहिती लवकर देण्याचं. ती दडपली तर उशीर वाढणारच.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट या भुयारी मेट्रो स्टेशनात याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९१ साली छापून आले. नुसती घंटा वाजवली तेव्हा प्रवासी आरामात उभे राहिले. कर्मचारी हजर होते आणि लाउडस्पीकरवरून काय झालंय, कुठं जायचंय हे स्पष्ट सांगितलं गेलं, तेव्हा लोक सगळ्यात लवकर हलले. चेंगराचेंगरी होईल म्हणून सत्य लपवावं, ही समजूत त्या चाचणीत टिकली नाही.

आता तुमच्या कमिटीच्या सूचनेबद्दल. आधी खात्री, मग सायरन, ही पद्धत अगदीच चुकीची नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोठ्या रुग्णालयांत, मॉलमध्ये ती वापरतात. पण तिथं २४ तास प्रशिक्षित माणूस अलार्मच्या पॅनेलसमोर बसलेला असतो, खात्री करायला ठरावीक थोडाच वेळ असतो, आणि त्या वेळात कुणी उत्तर दिलं नाही तर सायरन आपोआप सगळीकडे वाजतो. तुमच्याकडे रात्री दोन वॉचमन असणार. त्यातला एक गेटवर, दुसरा गाड्या लावून देण्यात. तो नवव्या मजल्यावर जाणार कसा, तर लिफ्टने. वर दार उघडलं आणि समोर धूर असला तर? त्या पोराचा जीव तुम्ही डिटेक्टरच्या जागी वापरताय. त्यापेक्षा खोटे अलार्म का वाजतात ते शोधा आणि दुरुस्त करा. वारंवार खोटा वाजणारा सायरन लोकांना न हलण्याचीच शिकवण देत असतो.

सायरनच्या जोडीला हवी बोललेली सूचना. इमारतीत पीए सिस्टिम, म्हणजे सगळ्या मजल्यांवर आवाज पोचवणारे लाउडस्पीकर, असेलच, निदान कागदावर. ती चालते का बघा. रेकॉर्ड केलेला इंग्रजी बाईचा आवाज काढून टाका. तुमचा स्वतःचा, लोकांच्या ओळखीचा आवाज हवा, मराठीत आणि मग हिंदीत. वाक्यं अशी: 'बी विंग, नवव्या मजल्याच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये धूर आहे. ही टेस्टिंग नाही. नऊ आणि त्यावरच्या मजल्यांवरच्या सगळ्यांनी आत्ता गार्डनकडच्या जिन्याने खाली यायचं आहे. जिन्यात धूर दिसला तर घरात परत जाऊन दार बंद करा. लिफ्ट वापरू नका.' कुठं, काय, कुणी, कोणत्या वाटेने, एवढंच. 'कृपया शांतता राखा, घाबरू नका' हे वाक्य गाळा. ते ऐकलं की माणसाला पहिल्यांदा भीती वाटते. आणि 'जिना क्रमांक दोन' म्हणू नका. तो दोन नंबरचा आहे हे फक्त नकाशाला माहीत असतं.

वरचे मजले आधी का, हेही सांगतो. इलेक्ट्रिकच्या डक्टला प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी अग्निरोधक भराव घालून बंद करायचं असतं. बऱ्याच इमारतींत एकदा नवी केबल ओढली की ते भोक तसंच राहतं. मग डक्ट म्हणजे धुराडं होतं आणि नवव्या मजल्यावरचा धूर सोळाव्यावर बाहेर पडतो. आग एखाद्या स्वयंपाकघरात असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता जिन्याकडे येऊ. सगळे एकाच जिन्याने का आले?

आइल ऑफ मॅन या बेटावर समरलँड नावाचं करमणूक केंद्र होतं. २ ऑगस्ट १९७३ रोजी तिथं आग लागली, ५० माणसं गेली. वाचलेल्यांच्या जबान्यांवर जोनाथन साइम या ब्रिटिश अभ्यासकाने बारकाईने काम केलं. त्याला दिसलं ते असं की माणसं जवळच्या दाराकडे जात नाहीत, ओळखीच्या दाराकडे जातात, आणि त्याआधी ओळखीच्या माणसांकडे जातात. सहलीला आलेली कुटुंबं आपापल्या मुलांना शोधत, ज्या दाराने आली होती त्याच दाराकडे गेली. मागची आपत्कालीन वाट मुख्यतः नोकरवर्गाने वापरली, कारण ती त्यांची रोजची होती. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला २००३ मध्ये 'द स्टेशन' या नाइटक्लबात १०० जण दगावले. तिथंही गर्दी पुढच्याच दाराकडे लोटली.

तुमच्या इमारतीत गार्डनकडचा जिना कुणाच्या सवयीचा आहे, याचा विचार करा. बहुतेक पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या, कचरा नेणाऱ्या माणसाच्या, ड्रायव्हरांच्या. मालक मंडळी कधी तिकडे फिरकलेलीच नसतात. (काही सोसायट्यांत या लोकांना मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत. आगीच्या दिवशी तीच माणसं मालकांपेक्षा लवकर सुटतील, हा त्यातला न्याय मला गमतीचा वाटतो.) ड्रिलमध्ये मी आता मुद्दाम मावशींना आणि हाउसकीपिंगच्या मुलांना पुढे घालतो. वाट दाखवण्याचं काम त्यांच्याइतकं चांगलं कुणी करत नाही.

जिना ओळखीचा व्हायला बाण आणि पाट्या पुरत नाहीत, पाय चालावे लागतात. लिफ्टच्या मेंटेनन्सच्या दिवशी वॉचमनने सगळ्यांना गार्डनकडच्या जिन्यानेच पाठवावं. फुकटात सराव होतो. तेवढ्यासाठी त्या जिन्यातले चपलांचे स्टँड, मुलांच्या सायकली आणि तुळशीच्या कुंड्या निघाल्या तर आणखी बरं. आणि दोन गोष्टी आजच रात्री स्वतः जाऊन बघा. जिन्याच्या पायथ्याचं जाळीचं दार रात्री कुलूप लावून बंद करतात का? आणि जिन्याची फायर डोअर्स, म्हणजे धूर अडवणारी दारं, वाऱ्यासाठी वीट लावून उघडी ठेवली आहेत का? पहिलं असेल तर जिना म्हणजे पिंजरा, दुसरं असेल तर धुराडं.

आता मुख्य गोष्ट, ते घोळके.

आपण सगळे आराखडे एकेका माणसाचे करतो. इतके मजले, मजल्यावर इतकी डोकी, जिना इतका रुंद. पण माणूस एकटा बाहेर पडत नाही, घर बाहेर पडतं. बाबा कुलूप लावतायत, आई गॅस बंद करून आली का, दादा बाथरूममध्ये आहे, आजीची चप्पल सापडत नाही. पाचजण तयार होईपर्यंत चौघं जिन्याच्या चौकात उभे राहतात, मागून येणाऱ्यांची वाट अडते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली बॉम्बस्फोट झाला, त्यानंतर तिथल्या लोकांच्या वागण्याचा अभ्यास झाला. मोठ्या आणि एकमेकांच्या चांगल्या ओळखीच्या गटांना निघायला जास्त वेळ लागला, असं त्यात दिसलं. आपापसात बोलून, एकमत होऊन मगच ते हलले. आपल्याकडे घरोघर हेच चालतं, फक्त एकमत व्हायला इथं आणखी वेळ लागतो.

एकदा निघाला की घोळका सगळ्यात सावकाश माणसाच्या वेगाने चालतो. आजीचे गुडघे हाच अख्ख्या घराचा वेग. आणि आपल्याकडे मागचे लोकही आजींना ओलांडून पुढे जात नाहीत, 'सावकाश उतरा काकू' म्हणत मागे थांबतात. पहिल्यांदा हे बघून मी चिडलो होतो. नंतर मत बदललं. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन्ही मनोऱ्यांत विमानं आदळली त्या वेळी साधारण १७,४०० माणसं होती, असा अमेरिकी सरकारी तपासाचा अंदाज आहे. त्यातली सुमारे ८७ टक्के सुखरूप बाहेर पडली. लोक जखमींना वाट देत, थकलेल्यांना धरून रांगेत उतरले. घोळका वेळ खातो, पण माणूस सोडत नाही. त्याला फोडायचा प्रयत्न करू नका, फुटणार नाही. त्याच्यासाठी सोय करा.

मी सोय म्हणतो ती अशी. घोळका जिन्यात जमतो, तो घरात जमू द्या. सगळ्यांना सांगा की सायरन वाजला की आतल्या बाजूला दाराशी गोळा व्हा, सगळे आले की दार ओढून घ्या आणि एकत्रच निघा. चौकात कुणासाठी थांबायचं नाही, कारण मागे कुणी राहिलेलंच नाही. (आग आपल्याच घरात असेल तर हे लागू नाही. तिथं जो जिथं आहे तिथून बाहेर, दार मागे बंद.) एवढ्या एका बदलाने मी ड्रिलमध्ये जिना मोकळा होताना पाहिलाय.

परत वर चढणाऱ्यांचंही तेच. ते पाकीट किंवा लॅपटॉप आणायला गेले असं कमिटी म्हणत असेल. एखादा गेलाही असेल. पण थांबवून विचारा. बहुतेक जण म्हणतील, मुलगी क्लासला सतराव्या मजल्यावर होती. गेटबाहेर तीनशे माणसांच्या गर्दीत, अंधारात, फोन लागत नसताना आपलं पोर दिसलं नाही तर कोणता बाप खाली उभा राहील? त्याला हात धरून अडवायला वॉचमन कमी पडतात. त्याला 'तुमची मुलगी देवळापाशी आहे, मी पाहिलंय' एवढं एक वाक्य हवं असतं. म्हणून जमायची जागा मजल्यांप्रमाणे वाटून द्या. एक ते सहा देवळापाशी, सात ते बारा क्लबहाउससमोर, असं काहीतरी. प्रत्येक मजल्यावरचं एक माणूस मोजणी करेल. इमारतीत शिकवण्या चालतात तिथल्या शिक्षकांना बजावून ठेवा की मुलांना एकेकट्याने घरी सोडायचं नाही, सगळ्यांना घेऊन खाली यायचं. आणि हे पालकांना आधीच माहीत असलं पाहिजे, नाहीतर उपयोग शून्य.

मजल्यावरचं ते एक माणूस कोण असावं? पद बघू नका. अमेरिकेत केंटकी राज्यात बेव्हर्ली हिल्स सपर क्लब नावाचं ठिकाण होतं. २८ मे १९७७ ला तिथं आग लागून १६५ जण गेले. हजारावर माणसं असलेल्या दालनात विनोदी कार्यक्रम चालू होता. टेबलं आवरणारा १८ वर्षांचा एक पोरगा स्टेजवर चढला, माइक घेतला आणि बाहेर पडायच्या वाटा कुठं आहेत ते हाताने दाखवून सांगितलं. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, ते बसून राहिले. पण त्याचं ऐकून शेकडो उठले. आपल्याकडचं उदाहरण परळच्या क्रिस्टल टॉवरचं, २२ ऑगस्ट २०१८. आग लागली होती बाराव्या मजल्यावर. सोळाव्यावरच्या १० वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना सुती कापड ओलं करून त्यातून श्वास घ्यायला सांगितलं, शाळेत शिकली होती म्हणून. मोठ्यांनी ते ऐकलं. संकटात गट नेता निवडत नाही. पहिल्यांदा स्पष्ट सूचना जो देतो, त्याच्या मागे जातो. म्हणूनच ती सूचना चुकीची असेल तर सगळा गट चुकीकडे जातो. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यातल्या बऱ्याच जणांचे मृतदेह स्वच्छतागृहात सापडले. पाणी आहे म्हणजे तिथं वाचू, असं वाटणं स्वाभाविक आहे. तिथून बाहेर पडायला वाट नसते.

त्यामुळे मजल्याचा माणूस निवडताना दिवसाही घरी असणारं कुणीतरी निवडा. निवृत्त शिक्षिका उत्तम. आवाज असतो, आणि लोक ऐकतात. 'सगळ्यांनी बाहेर या' असं मोघम ओरडायचं नाही, 'जोशी, कुलूप लावा, चला माझ्याबरोबर' असं नाव घेऊन बोलायचं. नाव घेतलं की शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं कारण उरत नाही.

इथं एक शंका येईल. मग चेंगराचेंगरी होते ती काय? होते. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला झाली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर झाली, २३ जण गेले. दोन्हीकडे अरुंद वाट आणि तिच्या क्षमतेबाहेरची माणसं होती. गर्दी एवढी दाटली की माणसाच्या हालचाली त्याच्या ताब्यात राहत नाहीत, आणि पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही, तो पुढे सरकतच राहतो. पावसात पुलावर अडकलेल्या माणसाला घाबरट म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जागा कमी होती. तुमच्या जिन्यात तेवढी दाटी सहसा होणार नाही, पण पायथ्याचं ते जाळीचं दार बंद असलं तर होऊ शकते. म्हणून पुन्हा सांगतो, कुलूप बघा.

सगळ्यांनी उतरायचंच का, हे मात्र परिस्थितीवर आहे, आणि याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जिन्यात धूर भरला असेल तर खाली उतरणं घरात थांबण्यापेक्षा धोक्याचं. दार बंद, फटीला ओला टॉवेल, लांबच्या खोलीची खिडकी, १०१ ला फोन करून फ्लॅटचा नंबर. दुसरीकडे, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला 'घरातच थांबा' ही सूचना पहाटे पावणेतीनपर्यंत बदलली गेली नाही. तोवर आग बाहेरच्या आवरणातून सगळ्या इमारतीवर पसरली होती. ७२ जण गेले. गच्चीचंही तसंच. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीतून २२ जुलै २०१९ ला ८४ जणांची सुटका झाली, त्यात गच्चीवर जमलेले बरेच होते. पण ती गच्ची उघडी होती. तुमच्या गच्चीच्या कुलपाची किल्ली रात्री कुणाकडे असते? ती नक्की उघडी मिळेल याची व्यवस्था नसेल तर लोकांना गच्चीचं नावही सांगू नका. पहिली पसंती खालीच. रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची राखीव मोकळी जागा, २४ मीटरच्या वरच्या पहिल्या मजल्यावर आणि मग साधारण दर १५ मीटरला असायला हवा. तुमच्या इमारतीत तो कोणत्या मजल्यांवर आहे हे किती घरांना माहीत आहे, ते विचारून बघा. आणि तिथं सध्या कुणाचं जुनं फर्निचर पडलंय तेही.

ड्रिलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उंच इमारतीत पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी ड्रिल अपेक्षित आहे. आपल्या राज्यात जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी' भरला जातो, त्यात पंप, हायड्रंट आणि डिटेक्टर ठीक आहेत असं लायसन्सधारक एजन्सी लिहून देते. माणसं ठीक आहेत का, हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलं नसतं. ड्रिल रविवारी सकाळी अकराला घेऊ नका. त्या वेळी सगळे नाश्ता करून उत्साहात असतात आणि सेल्फी काढतात. एखाद्या मंगळवारी रात्री नऊला घ्या. आठवडा आधी सांगा, वार-वेळ सांगू नका. आणि इमारत किती मिनिटांत रिकामी झाली हे मोजू नका, सायरननंतर प्रत्येक मजल्यावरचं पहिलं दार किती मिनिटांनी उघडलं ते मोजा. हा आकडा तीन ड्रिलमध्ये कमी झाला तर बाकीचं आपोआप होतं, असा माझा अनुभव आहे.

राहिल्या आजी. त्यांच्यापाशी बसलेले सहाजण मूर्ख नव्हते. त्यांना उचलून न्यायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि टाकून जाणं कुणालाच जमलं नाही. अशा घरांची यादी तुमच्याकडे हवी: चालता न येणारे, ऑपरेशन झालेले, दिवस भरत आलेल्या बायका, एकटे राहणारे वृद्ध. प्रत्येकासाठी त्याच किंवा खालच्या मजल्यावरचे दोन धट्टेकट्टे शेजारी आधीच ठरवा, नावानिशी. जिन्यावरून घसरत खाली नेणारी इव्हॅक्युएशन चेअर मिळते, वरच्या मजल्यांसाठी अशा दोन घ्या. ते नाही जमलं तर साधी मजबूत प्लास्टिकची खुर्ची आणि चार हात. मोकळ्या जिन्याने रेफ्युज एरियापर्यंत नेलं तरी पुष्कळ झालं, तिथून पुढे आमची माणसं घेतात. घरच्यांपैकी एकाने आजींबरोबर राहायचं, बाकीच्यांनी मुलांना घेऊन उतरायचं, हे आजच जेवणाच्या टेबलावर ठरवायला सांगा. धूर असताना ठरत नाही.

आणि खुर्चीत बसायचा सराव आजींकडून एकदा करून घ्या. पहिल्यांदा त्या नाही म्हणतील. नातवाला आधी बसवा, एक मजला खाली न्या. मग बहुतेक त्या स्वतःच म्हणतील, जरा हळू न्या म्हणजे झालं.